डोंगरकड्याची फियाट

नांदेडहून हिंगोलीच्या एसटीत बसले की अर्धापूरनंतर केळीच्या बागा लागतात. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी आले आणि हा मुलूख बदलला. आजीच्या तोंडून ऐकलेली जवारी-कापसाची शिवारे आता केळी, ऊस आणि हळदीची झाली आहेत. हळद शिजवण्याचे दिवस असले तर तिचा उग्र वास बसच्या खिडकीतून आत येतो आणि माणूस डोळे मिटूनही ओळखतो की डोंगरकडा जवळ आले. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. तोवर आम्ही परभणी जिल्ह्यातले आणि 1948 पूर्वी निजामाच्या राज्यातले. तालुका मात्र कळमनुरीच.

डोंगरकडा हे माझे आजोळ. नांदेडला कारकुनी करतो, रविवारी कुणाची कागदपत्रे, कुणाचे अर्ज बघतो, त्यात आजोळी जाणे वर्षातून एकदोनदाच होते. यंदा मात्र तीन महिन्यांत पाच खेपा झाल्या. कारण मामांची फियाट.

ही गाडी आमच्या नात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. वस्तीत शिरले की डाव्या हाताला कडुनिंब, निंबाखाली ताडपत्री आणि ताडपत्रीखाली ती. 1973 सालची. त्या काळी तिला प्रेसिडेंट म्हणत, पद्मिनी हे नाव 1974 मध्ये आले. पण आमच्याकडे तिला कोणी प्रेसिडेंट म्हटले नाही की पद्मिनी नाही. फियाट म्हणजे फियाट.

मामा 1972 च्या दुष्काळात मुंबईला गेले. वय वीस. कुर्ल्याच्या एका गॅरेजात आधी गाड्या धुतल्या, मग पाने उचलून देता देता हात बसला. पुढे लायसन काढले, टॅक्सीचा बिल्ला मिळाला आणि मालकाची टॅक्सी रात्रपाळीला चालवू लागले. वर्षानुवर्षे दुसऱ्याची गाडी चालवली. 1993 मध्ये गावी परतले ते स्वतःच्या गाडीतून. वीस वर्षे वापरलेली, तिसऱ्या हाताची, पण स्वतःच्या नावावरची.

आजच्या मुलांना यात काय विशेष, असे वाटेल. तेव्हा आमच्या वस्तीत कुणाच्या दारी मोटार उभी राहिली तर ती पोलिसांची किंवा जप्तीची असे. मामांची गाडी आली आणि ती सगळ्या वस्तीची झाली. नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या. साप चावलेला एक जण तिच्यातून नांदेडला पोचला आणि वाचला. 2005 च्या पावसाळ्यात माझी मामेबहीण अडली, तेव्हा मध्यरात्री मामांनी गाडी काढली. एका हाताने वायपर हलवत, कारण वायपरची मोटार बंद होती. पहाटे नांदेडच्या दवाखान्यात मुलगी झाली. मामा पेट्रोलचे पैसे तेवढे घेत, तेही कुणाकडे असले तर.

2011 मध्ये गाडी बंद पडली ती पडलीच. तोवर गावात जीपा आल्या होत्या, फोन केला की गाडी दारात. मामांचे डोळे अधू झाले, हात कापू लागला. ताडपत्री चढली.

यंदा मामेभावाला घरकुल मंजूर झाले. पाया खणायचा तो नेमका निंबाखालच्या जागेवर. भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगून गेला. बीकॉमच्या हिशेबाने म्हणाल तर दरवर्षी घसारा वजा करता करता गाडीची पुस्तकी किंमत केव्हाच नावापुरती उरली होती. मामेभावाचेही चुकत नव्हते. घरकुलाचा हप्ता पायाचा फोटो मागतो, गाडीचा नाही.

मामांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "भाच्या, ढकलून मागं न्यायची असती तर कवाच नेली असती. चालू झाली तर मागच्या अंगाला ठेवू. नाही झाली तर त्याला देऊन टाका. मेलेलं वझं पोराच्या दारात नको."

"मामा, काय बिघडलंय तिचं?"

"करंट नाही."

तर हा करंटचा मामला. 2005 च्या पावसात जन्मलेली ती मुलगी, म्हणजे मामांची नात, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकली. तिने नवी बॅटरी जोडली, इंजिनात तेल घातले, पेट्रोलची टाकी धुऊन घेतली. इंजिन फिरत होते, पण प्लग काढून बॉडीला टेकवला तर ठिणगी नाही. मामा खाटेवर बसून सांगत होते आणि ती एकेक झाकण उघडत होती. मी बॅटरी धरायला.

आजच्या गाडीत ही सगळी कामे बंद डबीतले इलेक्ट्रॉनिक सर्किट करते. जुन्या गाडीत ती उघड्यावर चालतात. बॅटरी 12 व्होल्टची. तेवढ्या विजेने पेट्रोल पेटत नाही, त्याला हजारो व्होल्ट लागतात. म्हणून मध्ये कॉइल. कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे, एक जाड तारेचा, थोड्या फेऱ्यांचा आणि एक बारीक तारेचा, हजारो फेऱ्यांचा. जाड तारेतून करंट वाहत असतो, तो एकदम तोडला की बारीक तारेत उच्च दाबाचा झटका उठतो. हा करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे टिकले म्हणजे पॉइंट. आत चौकोनी कॅम फिरतो आणि पॉइंट उघडतो-मिटतो. उठलेला झटका रोटर नावाचा फिरता तुकडा चार प्लगांना वाटतो, 1-3-4-2 या क्रमाने. हे सगळे ज्या डब्यात असते त्याला आपले मिस्त्री डेल्को म्हणतात. हा शब्द आला कुठून, हे मामांना ठाऊक नव्हते आणि मलाही मागाहून कळले. अमेरिकेतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने 1909 मध्ये काढलेल्या कंपनीचे ते लघुनाम. बॅटरीवरची ही पद्धत तिने रुळवली. 1912 मध्ये कॅडिलॅक मोटारीला सेल्फ स्टार्टरही याच केटरिंगचा बसला. कंपनीचे नाव वस्तूला पडले आणि कुर्ल्यामार्गे डोंगरकड्यापर्यंत आले.

राहिला कंडेन्सर. बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी, एक वायर. नातीने विचारले, "आबा, हा नसला तर काय होतंय?"

मामा म्हणाले, "पॉइंट म्हणजे बारं मोडणारा माणूस. धावतं पाणी एकदम अडवलं की उसळतं का नाही? ते उसळलेलं अंगावर घ्यायला बाजूला हौद पाहिजे. नसला तर बांधच फुटतो. कंडेन्सर म्हणजे तो हौद."

आयटीआयच्या पुस्तकात ते वेगळ्या शब्दांत असेल. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडू नये, करंट झटक्यात तुटावा, यासाठी तो असतो. तो खराब झाला की पॉइंट जळतात आणि प्लगची ठिणगी लुळी पडते. तो आतून शॉर्ट झाला तर पॉइंट उघडूनही उघडत नाहीत आणि ठिणगीच बंद. नातीने मीटर लावले. काटा सरळ शेवटाला जाऊन बसला. कंडेन्सर शॉर्ट. पॉइंटही काळे पडून खड्डे पडलेले.

दोन वस्तू आणायच्या. मी म्हटले, नांदेडला काय मिळत नाही?

नांदेडला पद्मिनीचे नाव काढले की दुकानदार आधी हसतात. एकाने विचारले, "सायेब, म्युझियम काढताव का?" चौथ्या दुकानात एकाने माळ्यावरून डबी काढून दिली, पॉइंट आणि कंडेन्सर एकत्र, वरचा छापा ओळखीचा वाटावा असा पण अक्षर किंचित वेगळे. मी कारकून माणूस, अक्षर तरी बघायला हवे होते. जाऊन बसवले. तिसऱ्या झटक्याला गाडी चालू झाली! वस्तीतली पोरे धावत आली. मामा खाटेवरून उठून उभे राहिले. दहा मिनिटे चालली आणि खोकत बंद पडली. थंड झाल्यावर पुन्हा लागली, तापली की पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी नातीने पॉइंट उघडून पाहिले तर नवे टिकले जळून निळे-काळे, आणि कॅमवर घासणारी फायबरची टाच इतकी झिजलेली की फट जवळजवळ मिटली होती. मामांनी दुकानाचे नाव विचारले नाही. एवढेच म्हणाले, "डुप्लिकेट माल तापल्यावरच खरं बोलतो."

पाया खणायची तारीख वीस दिवसांवर होती. मला कार्यालयाच्या कामासाठी मुंबईला जायचेच होते. मामांनी जुना कंडेन्सर, जुने पॉइंट आणि रोटर फडक्यात बांधून दिले. नमुना हातात असल्याशिवाय पार्ट घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. तो मला आधी सांगितला असता तर बरे झाले असते, पण असो.

देवगिरी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरलो, लोकलने कुर्ला. कुर्ला म्हणजे या गाडीचे जन्मगाव. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथे होता. आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, मग 1950 च्या दशकात फियाट 1100 आली आणि तिचीच पुढे डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावे बदलत गेली. कारखान्याच्या जागेवर आज उंच इमारती आहेत. मामांनी ज्या फाटकासमोर कामगारांची पाळी सुटताना पाहिली ते फाटक कुठे होते, हे मला रिक्षावाल्यालाही विचारता आले नाही, कारण त्याचा जन्मच नंतरचा.

सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. दारे एकीकडे, बंपर दुसरीकडे, आतल्या अंधारात गिअरबॉक्सची रास. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही काळी-पिवळी पद्मिनी राहिली नाही. वर्तमानपत्रांतून तिला निरोप देणारे लेख आले. लिहिणारे बहुतेक मागच्या सीटवर बसलेले होते. पुढच्या सीटवर बारा-बारा तास बसलेल्यांचे गुडघे कसे झाले, ते मी मामांच्या रूपाने बघतो.

तिथे एका वयस्क मिस्त्रींनी फडके सोडून पार्ट उन्हात धरले आणि म्हणाले, पॉइंट देतो, कंडेन्सर सेकंडहँड घेऊ नका. टॅक्सीतून काढलेला एक सबंध डेल्को त्यांनी मला दिला. टॅक्स्या सीएनजीवर गेल्या तरी ठिणगीची व्यवस्था तीच राहिली होती, त्यामुळे आतला माल उपयोगाचा. रोटर, कॅप, चांगल्या टाचेचे पॉइंट. सगळे 600 रुपयांत. घासाघीस मला जमत नाही, आणि त्या दिवशी करावीशीही वाटली नाही.

कंडेन्सरसाठी त्यांनी ऑपेरा हाऊसकडची मोटारपार्टची दुकाने सांगितली. तिसऱ्या दुकानात एका काकांनी खणातून लुकास-टीव्हीएसची सीलबंद डबी काढली. ही कंपनी मद्रासकडे 1961 पासून. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांची विजेची सामग्री तिच्याच कारखान्यातून आली, जशी प्लगांसाठी बंगलोरची मायको, जी 2008 पासून बॉश नावाने ओळखली जाते. डबीचा पुठ्ठा पिवळा पडलेला, आत तेलकट कागदात कोरा करकरीत कंडेन्सर. "ओरिजिनल आहे. आता असा बनत नाही." मी 250 रुपये दिले आणि खिशाला दोनदा हात लावून पाहिला.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांचीही एक दुनिया आहे. त्यांचे क्लब आहेत, मिरवणुका निघतात, पार्ट परदेशातून येतात. आमच्या जुन्या राज्याच्या निजामाची पिवळी रोल्स-रॉइस हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात दुरुस्त करून ठेवली आहे. 1912 ची गाडी, फार थोडी चाललेली. तिला पाहायला तिकीट काढून लोक जातात, जावे. पण चालून चालून झिजलेल्या गाडीची कहाणी कुणी पाटीवर लिहून ठेवत नाही.

परत आलो. पॉइंट बसवले, कॅमला बोटाने किंचित ग्रीस लावले. फिलर गेज नव्हता. मामांनी हॅक्सॉची जुनी पात मागितली. टिकल्यांमधली फट साधारण 0.4 मिलिमीटर हवी, पात अलगद अडकून सरकली की झाले. आता कंडेन्सर. मी डबी काढून दिली, जरा ऐटीतच. नातीने मीटर लावले. चांगल्या कंडेन्सरला काटा एकदा उसळी घेतो आणि मागे येतो. इथे काटा उसळला, परतताना मध्येच थांबला आणि तिथेच थरथरत राहिला.

"काका, हा गळतोय."

मला पटेना. सीलबंद, ओरिजिनल, एवढ्या लांबून आणलेला. तिने पुन्हा लावून दाखवले. आतला कागद वर्षानुवर्षांच्या दमट हवेने खराब होतो, न वापरताही. मामा हसले. म्हणाले, "बसून बसून मेला. माझ्यासारखा."

पाच दिवस उरले होते. इलेक्ट्रॉनिक किट बसवायचा सल्ला एका गॅरेजवाल्याने फोनवर दिला होता, त्यात पॉइंटही नकोत आणि कंडेन्सरही. रोज चालवायच्या गाडीला ते उत्तम, माझे त्याविरुद्ध काही म्हणणे नाही. पण किंमत आमच्या हिशेबाबाहेरची. मग नातीनेच विचारले, "आबा, ॲम्बेसेडरला पण पॉइंटच होते ना? मग कंडेन्सर दुसऱ्या गाडीचा का नाही चालणार? काम तर तेच आहे."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चालतो. आत बसत नसला तर बाहेरून कसायचा. मुंबईत आम्ही केलेलं आहे. इसरलोच होतो."

वारंगा फाट्याकडे एका गॅरेजच्या मागे ॲम्बेसेडर उभी होती, काचा नसलेली, आत कोंबड्या. गॅरेजवाल्याने कंडेन्सर काढून नेऊ दिला आणि पैसे घेतले नाहीत, कारण त्याच्या आईला एकदा मामांनी नांदेडला नेले होते. तो नातीने तिथेच मीटरवर तपासला. काटा उसळला आणि सरळ मागे आला. डेल्कोच्या अंगाला बाहेरून पट्टीने कसला, डबीखालचा रंग घासून पत्रा उघडा केला, वायर पॉइंटला जोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, चोक ओढून किल्ली फिरवली. गाडी लागली. पण थाप वाकडी पडत होती. नात टायमिंग लाइटचे काहीतरी सांगू लागली. मामांनी हात वर करून तिला थांबवले, मान वाकडी केली, ऐकत राहिले.

"डेल्कोचा बोल्ट ढिला कर. आता धर. उजवीकडं. सावकाश. लई झालं. थोडं मागं. आणखी दोऱ्याइतकं... हां. कस."

इंजिनचा आवाज एकसारखा झाला. मामांना गाडी नीट दिसत नव्हती, नातीला अजून आवाज कळत नव्हता. अर्धा तास ती बोल्ट ढिला करून मुद्दाम बिघडवत होती आणि मामा पुन्हा जागेवर आणवून घेत होते. शेवटच्या दोन वेळा त्यांनी काहीच सांगितले नाही. तिनेच हात थांबवला.

मग मामेभावाने गाडी हँडगिअरमध्ये टाकून निंबाखालून मागच्या अंगाला नेली. पन्नास-साठ पावले. मामा पुढच्या सीटवर, डाव्या बाजूला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

रस्त्यावर तिला नेता येणार नाही. नोंदणीची मुदत संपून वर्षे झाली. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसतील तर. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नोंदणीची फी मात्र 20,000 रुपये, आणि नोंदली तरी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मी नियम वाचून दाखवला. मामा म्हणाले, "वीस हजारात पोराच्या घराला खिडक्या बसतील." विषय संपला. पण वाचकांपैकी कुणाच्या दारात अशी गाडी असेल आणि ऐपत असेल तर नियम माहीत असावा, म्हणून लिहिले.

माझ्या वहीत एकूण खर्च बॅटरी धरून 6,340 रुपये निघाला. त्यातला ज्या कंडेन्सरवर गाडी चालते त्याचा भाव शून्य.

पायाचा फोटो अपलोड झाला. घरकुलाचा पहिला हप्ता आला. मी निघताना मामांनी यादी दिली, पुढच्या खेपेला आणायला: कंडेन्सर 1, पॉइंट 1 सेट, प्लग 4. खाली नातीच्या अक्षरात एक ओळ वाढवलेली होती: फिलर गेज 1, ओरिजिनल.